हात बांधलेले आणि हात अडकलेले

इंग्रजी शिकवणाऱ्या मास्तराला वर्षातून एकदा तरी वर्गात हार खावी लागते. माझी या वर्षीची हार श्रावणात झाली. बाहेर पाऊस कोसळत होता, वर्गात ओल्या छत्र्यांचा वास भरला होता, आणि मी फळ्यावर इंग्रजी वाक्प्रचार लिहीत होतो. त्यांतला एक होता, 'माय हॅण्ड्स आर टाइड.' अर्थ सोपा. माझे हात बांधलेले आहेत. माझ्या मनात पुष्कळ आहे, पण मला काही करता येत नाही. मुलांनी वहीत उतरवून घेतले.

मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला. त्याचे मूळ गाव समुद्रकाठचे. तारापूरच्या अणुवीज केंद्रासाठी ते उठले आणि घरे आत, बोईसरच्या बाजूला आली. तो म्हणाला, "सर, हे वाक्य आमच्या घरी सगळ्यांना पाठ आहे. आजोबा कचेरीतून परत आले की हेच सांगायचे. साहेब म्हणाले, माझे हात बांधलेले आहेत. पण हात बांधलेले असले तर साहेब अर्जावर 'नामंजूर' कसे लिहितात?"

वर्ग खो खो हसला. मीही हसलो. तेवढ्यात घंटा झाली म्हणून माझी सुटका झाली. पण ते हसू काही माझ्या गळ्याखाली उतरले नाही. घरी आल्यावर मी कोश काढून बसलो आणि पाहता पाहता तो प्रश्न मला कोशातून उचलून थेट आमच्याच किनाऱ्यावर घेऊन गेला.

प्रथम भाषेपुरते बोलतो. हात बांधल्याची भाषा इंग्रजीत चांगली जुनी आहे. पण गंमत अशी की, हा वाक्प्रचार खराखुरा दुबळा माणूस सहसा वापरीत नाही. तो वापरतो बँकेचा व्यवस्थापक, खात्याचा सचिव, परीक्षा मंडळाचा अधिकारी. ज्याच्या हातात काही देण्यासारखे आहे तोच माझे हात बांधलेले आहेत म्हणू शकतो. भिकारी असे कधी म्हणेल काय? आणि व्याकरणाकडे पाहा. क्रियापद कर्मणी आहे. हात बांधले गेले आहेत. कोणी बांधले ते वाक्यात नाही. कर्त्याला पडद्याआड बसविण्याची ही सोय कर्मणी प्रयोगाइतकी दुसऱ्या कशात नाही. मुलांना कर्मणी प्रयोग का अवघड जातो आणि सरकारी पत्रांना तो का सोपा जातो, याचे कोडे मला तेथे थोडेसे सुटले.

आमच्या मराठीत हात बांधण्याची रीत निराळी. आपल्याकडे माणूस दुसऱ्यापुढे हात बांधून उभा राहतो. म्हणजे सरदारापुढे शिलेदार, सावकारापुढे कूळ, सासऱ्यापुढे जावई (हा शेवटचा प्रकार अलीकडे उलटा झाला आहे). मराठीत हात बांधलेला माणूस खाली असतो, इंग्रजीत तो खुर्चीवर असतो. आणि जो खरोखरीच कात्रीत सापडला आहे त्याच्यासाठी आपण म्हणतो, याचा हात दगडाखाली सापडला आहे. हा वाक्प्रचार मला फार खरा वाटतो. दोरी सोडता येते, तोडता येते, कधी कधी ती नुसतीच गुंडाळलेली असते. दगडाखालचा हात मात्र ओढला तर सोलतो आणि ठेवला तर ठेचतो. दगड उचलणे दुसऱ्याच्या मर्जीवर. म्हणूनच अडला हरी गाढवाचे पाय धरतो.

आता किनाऱ्याकडे वळू. पालघरहून डहाणूकडे जाणाऱ्या गाडीत बसले की उमरोळी आणि मग बोईसर. बोईसरला उतरून पश्चिमेकडे गेले की कारखाने संपतात, खारी हवा लागते, आणि तारापूरच्या बाजूला ते केंद्र दिसू लागते. आमच्या पिढीला ते जन्मापासून तेथेच आहे, जसे एखाद्याच्या गावाला डोंगर असतो तसे. परंतु या केंद्राच्या आयुष्यात एक प्रकरण असे आहे की ज्यात दोन मोठी राष्ट्रे वर्षानुवर्षे एकमेकांना सांगत होती, आमचे हात बांधलेले आहेत. त्या मुलाच्या प्रश्नाची इतकी चांगली तालीम दुसरीकडे शोधून सापडणार नाही.

भारतातले हे पहिले अणुवीज केंद्र. डॉ. होमी भाभांनी जागा निवडली तेव्हा विचार सरळ होता. मुंबई आणि गुजरात यांना वीज पाहिजे, कोळशाच्या खाणी दूर, आणि यंत्रे थंड करायला समुद्राचे पाणी जवळ. ८ ऑगस्ट १९६३ रोजी भारत आणि अमेरिका यांच्यात करार झाला. अमेरिकेने ८ कोटी डॉलरचे कर्ज दिले. जनरल इलेक्ट्रिक या अमेरिकन कंपनीने दोन अणुभट्ट्या उभारल्या आणि २८ ऑक्टोबर १९६९ पासून तेथली वीज रीतसर मिळू लागली. ते पाहायला भाभा राहिले नव्हते. जानेवारी १९६६ मध्ये आल्प्स पर्वतातल्या विमान अपघातात त्यांचा अंत झाला होता.

या अणुभट्ट्यांची एक खोड होती, आणि सारी कथा त्या खोडीवर फिरते. जमिनीतून निघणाऱ्या युरेनियममध्ये खरा जळणारा अंश हजार भागांत सातच भाग असतो. काही अणुभट्ट्या तेवढ्यावर चालतात, पण त्यांना जड पाणी लागते. तारापूरच्या या दोन भट्ट्यांना साधे पाणी चालते, मात्र युरेनियम समृद्ध केलेले पाहिजे, म्हणजे तो जळणारा अंश तिप्पट-चौपट वाढवलेला. हे समृद्ध करण्याचे कारखाने त्या काळी जगात मोजक्याच देशांपाशी होते, आपल्यापाशी नव्हते. घरातल्या भाषेत सांगायचे तर चूल उत्तम, पण तिला लागणारे सरपण एकाच वखारीत मिळणार.

करारात त्या वखारीचे नावही लिहून ठेवले होते. तीस वर्षे अमेरिकेने इंधन पुरवावे आणि तीस वर्षे भारताने या केंद्रात अमेरिकेचेच इंधन वापरावे, दुसऱ्या कोणाचे नाही. जळून झालेल्या इंधनातून पुन्हा उपयोगी द्रव्य काढायचे असेल तर देखरेखीची व्यवस्था पुरेशी आहे, असे दोघांनी मिळून ठरवावे. लग्नाच्या याद्या करताना जसा उत्साह असतो तशा उत्साहात ही कलमे लिहिली गेली असावीत. त्या वेळी ती कोणाला दोरी वाटली नाही. भाभांना घाई होती. अणूची वीज परवडते हे देशाला दाखवून द्यायचे होते, आणि पुढची केंद्रे नैसर्गिक युरेनियमवर चालवायची हा बेत त्यांच्या मनात पक्का होता. पुढे घडले ते पाहून त्यांना दोष देणे सोपे आहे. मला तो द्यावासा वाटत नाही. पण सही आपली होती, हेही विसरता येत नाही.

१८ मे १९७४ रोजी पोखरणला स्फोट झाला. त्यातले प्लुटोनियम तारापूरचे नव्हते. ते तुर्भ्याच्या सायरस या अणुभट्टीतले होते. ती अणुभट्टी कॅनडाच्या मदतीने बांधलेली, तिच्यासाठी जड पाणी दिलेले अमेरिकेने, आणि दोन्ही गोष्टी शांततेच्या कामासाठी म्हणून दिलेल्या. तेव्हा ती माणसे चिडली तर नवल नव्हते. आपले म्हणणे, आमचा स्फोटही शांततेचाच होता. हा वाद येथे मिटवायचा नाही. एवढे मात्र खरे की, तारापूरच्या कराराची अक्षरे भारताने मोडली नव्हती. अपराध तुर्भ्याचा म्हणून धरला आणि शिक्षा तारापूरला, असा हा न्याय.

जानेवारी १९७८ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष कार्टर दिल्लीला आले. पंतप्रधान मोरारजीभाई देसाई. देशातली सगळी अणुकेंद्रे आंतरराष्ट्रीय तपासणीखाली आणा, असा कार्टर यांचा आग्रह, मोरारजीभाई बधेनात. कार्टर आपल्या परराष्ट्रमंत्र्यांना हळूच म्हणाले की, परत गेल्यावर यांना एक थंड आणि अगदी स्पष्ट पत्र लिहायला हवे. जवळचा ध्वनिक्षेपक चालू होता! ते शब्द वार्ताहरांनी टिपले आणि जगभर गेले. कुजबुज करणाऱ्याचे हात मोकळे होते, पण ध्वनिक्षेपकाचे बटण बंद करण्याइतके नव्हते.

त्याच वर्षीच्या मार्चमध्ये अमेरिकेत नवा कायदा झाला. अण्वस्त्रांचा प्रसार रोखण्याचा हा कायदा सांगत होता की, जो देश आपली सगळी अणुकेंद्रे तपासणीखाली आणणार नाही त्याला इंधन द्यायचे नाही. जुन्या गिऱ्हाइकांना दोन वर्षांची सवलत. येथून पुढे वॉशिंग्टनचे उत्तर ठरून गेले. आम्हांला द्यायचे आहे हो, पण कायदा आड येतो. आमचे हात बांधलेले आहेत.

माझा विद्यार्थी तेथे असता तर त्याने विचारले असते, कायदा कोणी केला? तुम्हीच ना? १९६३ साली शब्द दिला तोही तुम्हीच, आणि १९७८ साली तो शब्द पाळता येऊ नये म्हणून गाठ मारली तीही तुम्हीच. भारत सरकारचा युक्तिवाद नेमका हाच होता. दोन राष्ट्रांतला करार हा एका राष्ट्राच्या घरातल्या कायद्याने मोडत नाही.

आणि गाठ सुटत नव्हती असेही नाही. त्या कायद्यातच पळवाट ठेवली होती. अमेरिकेत इंधन परदेशी पाठवण्याचा परवाना द्यायला एक आयोग आहे. एप्रिल १९७८ मध्ये या आयोगात तारापूरच्या इंधनावर दोन विरुद्ध दोन अशी मते पडली आणि काहीच ठरले नाही. तेव्हा अध्यक्षांनी स्वतःच्या आदेशाने इंधन पाठवले. मे १९८० मध्ये आयोगाने एकमताने नकार दिला. या वेळी प्रश्न होता सुमारे ३८ टनांचा. कार्टर यांनी जूनमध्ये पुन्हा आदेश काढला. आता नियम असा की, संसदेच्या दोन्ही सभागृहांनी नको म्हटले तरच अध्यक्षांचा आदेश पडतो. प्रतिनिधिगृहाने २९८ विरुद्ध ९८ मतांनी नको म्हटले. राहिले सिनेट. २४ सप्टेंबर १९८० रोजी सिनेटमध्ये मते मोजली तर इंधन पाठवा म्हणणारे ४८ आणि नको म्हणणारे ४६.

दोन मते. हे वाचताना मला राहून राहून आमच्या बोईसरच्या फलाटावरच्या दिव्याची आठवण होत होती. तो दिवा त्या दोन मतांवर जळत होता असे म्हटले तर शास्त्रज्ञ मला हसतील, कारण वीज जाळ्यात मिसळून जाते आणि कुठला दिवा कुठल्या केंद्राचा हे सांगता येत नाही. पण वॉशिंग्टनमधल्या शंभर माणसांना त्या दिवशी आमच्या किनाऱ्याचे नाव उच्चारावे लागले, हे खरेच आहे. त्यांतल्या कितीजणांनी ते नकाशावर पाहिले असेल?

त्यांतला पहिला हप्ता आला. पुढचा काही येईना. म्हणजे हात बांधलेले नव्हते. ते हवे तेव्हा सुटत होते आणि हवे तेव्हा बांधले जात होते.

आता आपली बाजू पाहू, कारण दगडाखाली हात होता तो आपला. इंधन जपून वापरायचे, भट्ट्या कमी नेटाने चालवायच्या, सुटे भाग मिळेनासे झाले म्हणून ते येथेच घडवायचे. तारापूरचे इंजिनिअर आणि कामगार यांनी ती वर्षे कशी काढली यावर कोणीतरी एक चांगली कादंबरी लिहायला हवी. मी प्रयत्न केला आणि तिसऱ्या प्रकरणात थांबलो. यंत्राची भाषा मला येत नाही. पुढे या दोन्ही भट्ट्यांची ताकद मूळच्या २१० मेगावॅटवरून १६० वर आणावी लागली, पण त्याचे कारण इंधन नव्हे; वाफेच्या यंत्रणेतला बिघाड. सगळीच दुखणी अमेरिकेच्या नावावर घालणे बरोबर नव्हे.

जळलेल्या इंधनाची कथा तर अधिकच विचित्र. ते तारापूरच्या हौदांत पाण्याखाली साठत चालले. शेजारीच त्यातून प्लुटोनियम काढण्याचा आपला कारखाना उभा होता. पण दोघांनी मिळून ठरवायचे होते, आणि अमेरिका ठरवायला बसेना. होय नाही, नाहीही नाही. अमेरिका ते परतही नेईना. उसने आणलेले पातेले मालक परत घेत नाही आणि आपल्याला घासूही देत नाही, अशी स्थिती. मग हौदांत जागा करून करून ते ठेवत राहायचे.

पण आपण तो करार फाडून का टाकला नाही? हा प्रश्न त्या काळीही विचारला जात होता. त्यांनी शब्द मोडला आहे, आता आपण मोकळे, असे म्हणणारे पुष्कळ होते. सरकारने तसे म्हणून पाहिले, धमकावूनही पाहिले. केले मात्र नाही. काहींना तो भित्रेपणा वाटला. मला वाटते, दगडाखालचा हात कसा काढायचा याची ती जाण होती. ओढायचा नाही, दगड कोणी तरी हलवील अशी तजवीज करायची.

तशी तजवीज १९८२ साली झाली. इंदिरा गांधी जुलैमध्ये अमेरिकेला गेल्या तेव्हा अध्यक्ष रेगन यांच्याशी तोडगा ठरला. करार तसाच राहील, तपासणी तशीच राहील, फक्त वखार बदलेल. इंधन फ्रान्स देईल. नोव्हेंबरमध्ये फ्रान्सशी बोलणी पुरी झाली. ज्या कलमात अमेरिकेखेरीज दुसऱ्या कोणाचे इंधन नको असे लिहिले होते त्या कलमाला अमेरिकेनेच बगल दिली. चार वर्षे जो कायदा हात बांधून बसला होता तो जसाच्या तसा होता. त्यातले एक अक्षरही बदलले नव्हते. नुसती इच्छा बदलली. त्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर मला येथे मिळाले.

तीस वर्षांचा करार १९९३ साली संपला. मग फ्रान्सनेही तपासणीची अट पुढे केली. १९९५ मध्ये चीनने युरेनियम दिले, २००१ मध्ये रशियाने. दरम्यान आपल्या शास्त्रज्ञांनी प्लुटोनियम मिसळलेले इंधन तयार करून तारापूरच्या भट्टीत चालवून पाहिले. आणि त्याच आवारात ५४० मेगावॅटच्या दोन नव्या भट्ट्या उभ्या राहिल्या, २००५ आणि २००६ साली. त्या साऱ्या आपल्या बांधणीच्या, नैसर्गिक युरेनियमवर चालणाऱ्या. भाभांचा मूळ बेत तो हाच. तेव्हा वाटले, सुटलो एकदाचे! तर पुढे दोनच वर्षांत देशात नैसर्गिक युरेनियमचीही टंचाई पडली आणि घरच्या सरपणाच्या चुलीही मंद ठेवाव्या लागल्या.

या दोन नव्या भट्ट्यांसाठीच पोफरण आणि अक्करपट्टी ही गावे उठली. म्हणजे देशाचा हात दगडाखालून काढताना तो दगड थोडा सरकला आणि दुसऱ्या कोणाच्या हातावर आला. वाडी गेली, समुद्र पायी जाण्याच्या अंतरावर होता तो गेला. कोळ्याला घर देता येते, पण घराच्या मागच्या दारी समुद्र कसा देणार? वीज देशाला लागतच होती, आणि माझ्या घरातला पंखाही तिच्यावर चालतो. म्हणून या बाबतीत मोठ्या आवाजात बोलण्याचा अधिकार मला नाही. पण त्या मुलाचे आजोबा कागदांची पिशवी घेऊन या टेबलावरून त्या टेबलावर हिंडले आणि प्रत्येक टेबलामागचा माणूस म्हणाला की निर्णय वरचा आहे, नियम जुना आहे, माझे हात बांधलेले आहेत. त्या टेबलांत एक नम्र, भला माणूसही असेल. त्याला खरोखर वाईट वाटत असेल. असे लोक मी पाहिले आहेत. परीक्षेचा निकाल लावताना मीही त्यांतला एक होतो. एका मुलीचे वर्ष तीन गुणांनी गेले होते आणि तिच्या आईला मी हेच वाक्य ऐकवले होते. त्या वेळी माझ्या उजव्या हातात लाल शाईचे पेन होते.

पालघरच्या माणसाला रिकामा हात आणि बांधलेला हात यांतला फरक खरे तर सांगायला नको. १४ ऑगस्ट १९४२ रोजी ज्या जमावावर येथे गोळ्या झाडल्या त्याच्या हातांत शस्त्र नव्हते. पाच जण पडले. त्यांच्या स्मरणार्थ गावात जो चौक आहे त्यावरून मी रोज शाळेत जातो. ती माणसे दुबळी होती असे पाचबत्तीवर उभे राहून कोणी म्हणून दाखवावे.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात गेलो आणि मुलाला ही सारी कथा सांगितली. सिनेटची दोन मते त्याला फार आवडली. त्याने ती पुन्हा विचारून घेतली. मग मी पुढचा वाक्प्रचार फळ्यावर लिहिला. खाडीत अडकलेला आणि वल्हे नसलेला माणूस, म्हणजे इंग्रजीत अगदी निरुपाय झालेला. समुद्रकाठची चारपाच मुले एकदम हसू लागली. मला कळेना. शेवटी तोच उभा राहिला.

"सर, वल्हे नसले म्हणून काय झाले? भरती असेल तर होडी आपोआप आत येते."

"आणि ओहोटी असेल तर?"

"मग तिवराच्या फांदीला दोर बांधायचा आणि सहा तास बसायचे. दोर मात्र होडीत पाहिजे."